टिटवीचा विरोध नोंदवला त्याची गोष्ट

मुलांनो, एक जंगल होतं आणि त्या जंगलाला स्वतःचा फार अभिमान होता. वाघाचा नाही, झाडांचाही नाही. तिथल्या सभेत आजवर प्रत्येक ठराव 'सर्वानुमते' मंजूर झाला होता, ह्याचा. कोणी 'नाही' म्हटलं तरी सर्वानुमतेच. एकदा माकडांनी अध्यक्षांवर चिखल फेकला, तेव्हा इतिवृत्तात 'सदस्यांनी उत्साहाने भाग घेतला' असं लिहिलं होतं.

त्या वर्षी साळिंदराला सभेचं चिटणीस केलं. ते स्वतःचा काटा उपटायचं आणि वडाच्या सालीवर सभेची हकिगत कोरायचं. काटा उपटताना दुखतं. त्यामुळे जे घडलं तेवढंच ते लिहायचं. न घडलेल्यासाठी कोण काटा उपटेल?

एका सभेत मगर म्हणाली, "तळ्याचा वाळूचा किनारा मला ऊन खायला कायमचा द्यावा." बाकी तिन्ही बाजूंना उभे कडे होते, उतरायला तेवढा एकच किनारा. पण जेवायची वेळ झाली होती. भराभर सोंडा, शेपट्या, पंजे वर गेले.

"मी नाही म्हणते!" टिटवी ओरडली. "त्या वाळूत माझी अंडी आहेत!"

"टिटवीताई," कोल्हा म्हणाला, "एवढीशी चोच आणि केवढा तो विरोध! चला, घरी चला."

अध्यक्ष हत्ती म्हणाला, "ठराव सर्वानुमते मंजूर."

"अध्यक्ष महाराज, टिटवी नाही म्हणाली," साळिंदर म्हणालं.

"हो, पण हळू म्हणाली."

"टिटवी? हळू?"

हत्तीने कान हलवले. मग म्हणाला, "अरे, जंगलाची शान जाईल."

"ठराव मंजूर झाला, तसं लिहितोच. पण ती नाही म्हणाली, तेही लिहितो." आणि त्याने कोरलं : 'विरोधात : टिटवी.' हत्तीने तोंड वाकडं करून खाली सोंडेचा ठसा उठवला.

दुसऱ्या दिवशी सगळे पाणी प्यायला गेले, तर मगर आडवी पडलेली.

"किनारा माझा," ती म्हणाली.

"आणि पाणी?" हत्तीने विचारलं.

"प्या की. फक्त किनाऱ्यावर पाय ठेवू नका."

मग ती टिटवीकडे वळली. "तूही ऊठ." टिटवी अंड्यांवरून हलली नाही. "मी माझा किनारा दिलेलाच नाही," ती म्हणाली.

"सगळ्यांनी दिलाय."

साळिंदराने साल आणून मगरीपुढे धरली. मगरीने ती वाचली. मग डोळे पुसून पुन्हा वाचली. आता मगर खादाड होती, पण नियमाची पक्की. न दिलेली जागा घेणं मगरींमध्ये फार हलकं समजतात. शेजाऱ्यांना खाणं चालतं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "ह्यांनी त्यांचा वाटा दिला, तो माझा. हिने दिला नाही, तो हिचा." आणि शेपटीने वाळूत रेघ ओढून टिटवीचा वाटा सोडला. ती एक अरुंद पट्टी होती.

तेव्हापासून सगळं जंगल टिटवीच्या पट्टीवरून पाणी प्यायला जाऊ लागलं. एकामागून एक, परवानगी मागून. हत्ती तर चवड्यांवर चालायचा. "सांभाळून!" टिटवी छाती काढून म्हणायची. "अंड्यांना धक्का लागला, तर उद्यापासून दव चाटायचं!"

कोल्हा साळिंदराला गाठून म्हणाला, "भाऊ, माझंही नाव विरोधात टाका ना. मनातून मी नाहीच म्हणत होतो."

"शेपटी वर होती."

"ती वाऱ्याने गेली!"

"वाऱ्याला सभेला आणा, विचारून घेऊ."

पुढच्या सभेत साळिंदराने मागचं इतिवृत्त वाचलं. 'विरोधात : टिटवी' हे शब्द मोठ्याने ऐकू आले, तेव्हा सगळ्यांच्या माना आपोआप ताठ झाल्या. "आपल्याच सभेची टिटवी बरं का!" हत्ती म्हणाला. मग त्याने नवा ठराव मांडला : किनारा पुन्हा सगळ्यांचा. सगळे हो म्हणाले. मगर म्हणाली, "नाही."

"लिहा, सर्वानुमते!" कोल्हा ओरडला.

साळिंदराने काटा उपटला. 'विरोधात : मगर.'

"अहो, तिचंही लिहिता?"

"सदस्य आहे ती."

मगर म्हणाली, "मी नाही म्हटलं, म्हणजे माझा वाटा माझा." नियम तिनेच घालून दिला होता. तिला टिटवीएवढीच पट्टी मिळाली. अंग वाळूत मावलं, शेपटी पाण्यात राहिली. तरी ती खूश होती. तिचं 'नाही' आजवर कोणी लिहूनच घेतलं नव्हतं, सगळे आधीच पळून जायचे.

काही दिवसांनी अंडी फुटली. पिल्लांच्या स्वागताचा ठराव आला. सगळे हो म्हणाले, मगरसुद्धा. पिल्लांनी मात्र किंचाळून सभा डोक्यावर घेतली.

"हे बाजूने की विरोधात?" साळिंदराने विचारलं.

"अहो, त्यांना अजून काही कळत नाही," टिटवी कौतुकाने म्हणाली.

"मग तटस्थ," साळिंदर म्हणालं आणि प्रत्येकाचं नाव विचारून घेतलं.

तात्पर्य : एकट्याचं 'नाही' असलं तरी ते जसंच्या तसं लिहून ठेवावं; कारण सगळी सभा चुकते, तेव्हा तिला त्याच 'नाही'च्या वाटेने पाणी प्यायला जावं लागतं.