घाईचा ठोका

“ती बाटली कुणाची होती?”

पुण्याच्या मासिकवाल्यांना मी फोन करून एवढंच विचारलं होतं. कुणी सांगितलं नाही. एक जण तर म्हणाला, “कुठला फोटो?”

तोच प्रश्न मी हरिबा वस्तादांना विचारला. माझ्या थोरल्या भावाला, सुमेधला, हलगी त्यांनीच शिकवली. ते आमच्या अंगणात खाटेवर बसले होते. आई पलीकडे चुलीपाशी, आमच्याकडे पाठ करून.

मी मासिक त्यांच्यापुढे आपटलं. तरुणांच्या गाण्याबजावण्याचं मासिक. सुमेध हलगी वाजवत रॅप म्हणायचा, म्हणून त्याचा फोटो काढायला आले. काळा चष्मा त्यांनीच चढवला. हातात बाटली दिली. वर मथळा : ‘वस्तीची पोरं : पिणार, भांडणार, वाजवणार!’

“पुढची पानं बघा, वस्ताद. शहरातली पोरं सगळी हेडफोन लावून उदास. पोरी सगळ्या केस रंगवलेल्या. आणि आम्ही सगळे बाटली धरून. एकाला तरी विचारलं का ह्यांनी, बाबा, तू कसा आहेस?”

वस्ताद पानं उलटत राहिले.

“कावीळ झाली त्याला. घाण पाण्यातून. डॉक्टरच बोलला. पण गाव फोटो बघतं आणि म्हणतं, दारूनं गेला. आणि आता आई...”

काल आईनं माझ्याकडं न बघताच हळूच विचारलं होतं, “खरं सांग, प्यायचा का रे तो?”

“तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकेल.”

वस्तादांनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

“ह्यो कोन? मी वळखत न्हाई.”

मला बरं वाटलं. मी सुटलोच.

“बघा! सुमेध म्हणजे देवमाणूस. कधी खोटं बोलला नाही. कुणाला उलटून बोलला नाही. आईच्या शब्दाबाहेर कधी...”

“ह्यालाबी मी वळखत न्हाई.”

“म्हणजे?”

“माझी चप्पल इकून कुल्फी खाल्ली त्यानं. वर मलाच म्हनला, कुत्र्यानं नेली.”

चुलीपाशी आईचा हात थांबला.

“मग मी लोकांना सांगू तरी काय?” मी ओरडलो. “सांगा की!”

वस्तादांनी खुंटीकडं बोट केलं. सुमेधची हलगी. तो गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. कातडं गार पडून ढिलं झालं होतं.

“शेकव.”

चूल विझत आली होती. मी मासिक फाडलं. चष्मा, बाटली, मथळा, हेडफोनवाली पोरं, सगळं आत घातलं. जाळ उठला. त्याच्यावर हलगी फिरवत राहिलो. कातडं ताणत गेलं.

“आता वाजव. त्याच्यागत.”

त्याच्यागत? तो तर चुकायचा. शेवटच्या ठोक्याला त्याची कायम घाई. वस्ताद हातातली काडी फेकून मारायचे...

मी वाजवलं. शेवटचा ठोका त्याच्यासारखाच आधी टाकला.

आई वळली. तो गेल्यापासून पहिल्यांदा तिनं माझ्याकडं बघितलं.

वस्तादांचे डोळे मिटलेले होते.

“सुम्या... थांब की जरा. कोन पाठीमागं लागलंय का तुझ्या?”