हाकेचा माळ

हरणं बघायला आलाय न्हवं? मग उन्हं कलेस्तोवर बसा हितंच, लिंबाखाली. ह्या उन्हात तुमच्या अभयारण्यात एक हरीण तोंड दाखवायचं न्हाई. तवर समोर बघा. एवढा मोठा माळ, कमरेइतकं गवत, आणि मधीच तो उघडा तुकडा. तिथं कुसळसुद्धा उगवत न्हाई. ह्याला हाकेचा माळ म्हणत्यात.

लई मागची गोष्ट. माझ्या आज्याला त्याच्या आज्यानं सांगितलेली. तवा आमची ही धनगरवस्ती नांदती होती, मेंढरांनी माळ पांढरा दिसायचा म्हणे. पावसाच्या तोंडाला वाळलेलं गवत पेटवायचं, म्हंजे नवं लुसलुशीत फुटतं, अशी रीत. पेटवायच्या आधी मानकऱ्यानं माळाच्या कडेला उभं राहून हाक द्यायची, ‘कोण हाय का गवतात?’ ओ आली न्हाई की चूड लावायची.

त्या साली मान मायाप्पाचा होता. त्याला एकच लेक, भामा, आईवेगळी. सकाळीच त्याची एक मेंढी व्याली आणि कोकराला जवळ घेईना. पहिल्या येताची मेंढी असती अशी आडमुठी. तिला कोकरासंगं एकटं सोडायचं, माणसानं लांबनं नुसती नजर ठेवायची. आवाजानं मेंढी बुजली, तर कोकरू गेलंच म्हणून समजा. मायाप्पानं लेकीला ओढ्याकाठी राखणीला बसवलं आणि बजावलं, “तिनं कोकरू घेईस्तोवर तोंड उघडायचं न्हाई. मी हाक मारली तरी न्हाई.”

पोर गुणाची, आणि तिथंच घात झाला. मेंढी चरत चरत माळात शिरली, कोकरू लडखडत तिच्या मागं, आणि भामा त्या दोघांच्या मागं. बापाला वाटलं, लेक ओढ्यालाच हाय.

त्यानं हाक दिली. ओ आली न्हाई. त्यानं चूड लावली. वारा असा उठला म्हणे, की माणसांना माळाच्या जवळ जाता येईना. मग धुरातनं ती मेंढी बाहेर आली. कोकरू तिच्या पोटाशी होतं, आणि ती थांबून त्याला चाटत होती. मायाप्पानं ओढ्याकडं बघितलं. तिथं कुणी न्हवतं.

लोकांनी त्याला धरून ठेवलं. आग विझल्यावर भामा जिथं सापडली, तोच तो उघडा तुकडा, असं सांगतात. मायाप्पानं मेंढरं वाटून टाकली आणि मरेस्तोवर माळाच्या कडेला बसून एकच हाक देत राहिला. वस्तीनं शपथ घेतली, हितनं पुढं माळ पेटवायचा न्हाई. विळ्यानं कापायचा, आणि कापायच्या आधी मायाप्पाची हाक द्यायची.

आता कापणीबी बंद झाली. सरकारनं कुंपण घातलं, मेंढरं गेली, पोरं पोटामागं गेली. घरं बघितलीसा न्हवं येताना? निम्म्यांना कुलपं हायत. माझ्यामागं हाक द्यायला कोण हाय, सांगा. कुणी न्हाई.

आजही पावसाच्या तोंडाला मी काठी टेकत कुंपणापर्यंत जातो. तारेला धरून उभा राहतो आणि मायाप्पाची हाक देतो, “भामा, बोल गं बाई. आता बोललीस तरी चालतंय.”

मग जरा वेळ थांबतो, आणि घरी येतो.