टायर काही सरकेना

अंगणाच्या कोपऱ्यात एक बीळ. बिळात चिचुंद्रीची पिल्लं. मऊ मऊ, इवली इवली.

चिचुंद्री गेली किडे शोधायला. तुरुतुरु तुरुतुरु.

तेवढ्यात आली सगुणाकाकीची जीप. भोपळ्यांनी गच्च भरलेली.

खडड खडड... कच्च! फुस्स्स!

जीप थांबली. टायर बसला नेमका बिळाच्या तोंडावर!

चिचुंद्री परत आली. बघते तर काय? दार बंद! आतून आवाज, "आई, आई!"

"टायरदादा, टायरदादा, सरक ना!"

टायर म्हणाला, "मी नाही सरकणार, जा! पोटात हवा कमी. असाच फिरलो तर झिजून जाईन. आधी पंपाला हवा भरायला सांग."

चिचुंद्री निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"पंपदादा, पंपदादा, हवा भर ना!
टायर काही सरकेना.
पिल्लं माझी घरात, मी मात्र दारात.
काय बाई हा वैताग!"

पंप म्हणाला, "मी नाही भरणार, जा! जीपमध्ये केवढं ते ओझं! टायर दबतोच. आधी भोपळ्यांना उतरायला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु.

"भोपळ्यांनो, भोपळ्यांनो, उतरा ना!
पंप हवा भरेना.
टायर काही सरकेना.
पिल्लं माझी घरात, मी मात्र दारात.
काय बाई हा वैताग!"

भोपळे म्हणाले, "आम्ही नाही उतरणार, जा! ब्रेक लागतो कच्च! आम्ही पडतो धडाम! घाबरून चिकटून बसलोय. आधी ब्रेकला हळू लागायला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु.

"ब्रेकदादा, ब्रेकदादा, हळू लाग ना!
भोपळे खाली उतरेनात.
पंप हवा भरेना.
टायर काही सरकेना.
पिल्लं माझी घरात, मी मात्र दारात.
काय बाई हा वैताग!"

ब्रेक म्हणाला, "मी नाही हळू लागणार, जा! चाक आहे तिरकं. जीप पळते गटाराकडे. मग काकी मला दाबते, कच्च! टायर घासतो, खर्रर्र! आधी पान्याला चाक सरळ करायला सांग."

तुरुतुरु तुरुतुरु.

"पानादादा, पानादादा, चाक सरळ कर ना!
ब्रेक हळू लागेना.
भोपळे खाली उतरेनात.
पंप हवा भरेना.
टायर काही सरकेना.
पिल्लं माझी घरात, मी मात्र दारात.
काय बाई हा वैताग!"

पाना म्हणाला, "मी नाही करणार, जा! मला काय हात आहेत? आधी काकीला मला उचलायला सांग."

काकी ओट्यावर चहा पीत होती. फुर्र, फुर्र.

"काकी, काकी, पाना उचल ना!
पाना चाक सरळ करेना.
ब्रेक हळू लागेना.
भोपळे खाली उतरेनात.
पंप हवा भरेना.
टायर काही सरकेना.
पिल्लं माझी घरात, मी मात्र दारात.
काय बाई हा वैताग!"

काकी म्हणाली, "मी नाही उचलणार, जा! जीप चालतेय ना? मग झालं. उद्या बघू."

"उद्या?" चिचुंद्री भडकली. शेपटी ताठ! नाक थरथर! "उद्या नाही, आत्ता! चिक् चिक् चिक् चिक् चिक्!"

काकीच्या पायाभोवती गरागरा फिरली. चहा सांडला.

"अगं थांब! कान किटले माझे!" काकी उठली. टायरपाशी वाकली. हात फिरवला.

"अगं बाई! परवाच तर नवा घातला. एक कड एवढी गुळगुळीत?"

"परवापासून ओरडतोय मी," टायर कुरकुरला.

आतून आवाज, "आई, आई!"

काकीनं झटकन पाना उचलला.
पान्यानं चाक सरळ केलं.
ब्रेक म्हणाला, "आता हळू लागेन."
भोपळे टुपुक टुपुक उतरले.
पंपानं हवा भरली. फुस फुस फुस!
टायर गोल गोल झाला.
काकीनं जीप पुढे घेतली.
टायर सरकला एकदाचा!

आता काकी निघायच्या आधी टायरची हवा बघते. भोपळे थोडेच भरते.

आणि पिल्लं? पिल्लं आली बाहेर. एकानं धरली आईची शेपटी. त्याची धरली दुसऱ्यानं. त्याची धरली धाकट्यानं.

धाकटं म्हणालं, "आई, कुठं होतीस गं इतका वेळ?"

"कुठं होते? विचारूच नका!"

चिचुंद्री पुढे. पिल्लांची रांग मागे.

तुरुतुरु. तुरु. तुरु. तुरु.