बाहेरच्या कडीची खिडकी

एका गावात एक गिरणीवाला होता. गेनबा त्याचं नाव. गावाचं दळण त्याच्याकडं यायचं, आणि पिठाबरोबर गप्पाही बारीक दळून निघायच्या.

गेनबाच्या घराची गल्लीकडची खिडकी वाळवीनं खाल्ली. हात लावला की भुगा पडायचा. बायको मथुरा म्हणाली, "सुताराला बोलवा."

"सुताराला काय चार हात असतात?" गेनबा म्हणाला. बाजारातून तयार खिडकी आणली आणि स्वतःच लागला कामाला.

आता ह्या गड्याला एक खोड. काम करताना बघणारं कोणीतरी पाहिजेच. नाहीतर त्याला केल्यासारखंच वाटायचं नाही. म्हणून घरात उभं राहायचं सोडून त्यानं गल्लीत स्टूल टाकलं. पहारीनं जुनी चौकट उचकटली. येणारा-जाणारा थांबायला लागला. "वा गेनबा!" म्हणायला लागला. गेनबा फुगला. त्याच नादात त्यानं नवी खिडकी भिंतीत बसवली, चारी बाजूंनी सिमेंट थापलं आणि मिशीवरून हात फिरवला.

आतून मथुरेचा आवाज आला, "अहो, कडी कुठाय?"

गेनबानं बघितलं. कडी त्याच्या नाकासमोर होती. गल्लीत. खिडकीची आतली बाजू त्यानं आपल्याकडं करून बसवली होती.

पण गेनबाची जीभ काही अडखळली नाही. "मुद्दाम ठेवलीय! शहरात आता असंच असतं. चोर येतो, बघतो तर बाहेरून कडी. त्याला वाटतं, आत कुत्रं कोंडलंय. ठोकतो धूम!"

लोकांनी माना हलवल्या. गिरणीवाला म्हणतोय म्हणजे असेल.

मग काय, मजाच. वारा सुटला की गेनबा धावत घराबाहेर, खिडकी लावायला. पाऊस आला की घर कोरडं, गेनबा ओला. टवाळ पोरं जाता-येता कडी घालायची, नाहीतर काढायची. मथुरा भाकरी थापता थापता म्हणायची, "घर आपलं, वारा गावाच्या मर्जीचा." पण गिरणीवर कोणी विचारलं की गेनबा कुत्र्याची गोष्ट पुन्हा सांगायचा, शेपूट थोडं लांब करून.

एक दिवस गिरणीवर हौसाक्का आली. ही गेनबाची थोरली बहीण. पलीकडच्या गल्लीत एकटी राहायची. तिच्या मोडक्या खिडकीतून कोणीतरी हात घालून उशाजवळचा तांब्या पळवला होता. तेव्हापासून बिचारीला झोप नव्हती.

"गेन्या, खिडकी आणून ठेवलीय," ती म्हणाली. "ये आणि तुझ्यासारखीच बसव. ती कुत्र्याची. म्हणजे माझा डोळा लागेल."

गेनबा गेला. जुनी खिडकी काढली, नवी उचलली. खिडकीला लागूनच हौसाक्काची खाट होती. बाहेर नेहमीची मंडळी जमली होती, फुकटचा तमाशा बघायला. गेनबाचे हात तिथंच थांबले. सरळ बसवावी, तर लोक विचारणार, तुझी उलटी का? उलटी बसवावी, तर अक्का झोपणार आत आणि कडी राहणार ज्याच्या त्याच्या हातात.

"थांबलास का रे?" हौसाक्का म्हणाली. "कर तुझ्या मनानं. तू बसवतोयस, मग मला काय बघायचंय? मी चहा टाकते."

आणि गेली की चुलीकडं. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. तेच गेनबाला लागलं.

त्यानं खिडकी फिरवली. कडी घराच्या आत आली.

"अरे, चुकतोयस!" गल्लीतून रावबा ओरडला. सगळ्यात मोठा आवाज त्याचाच. "कडी बाहेर!"

"कडी आत असते, रावबा."

"मग तुझी?"

"माझी चुकली. चोर, कुत्रं, शहर, सगळं मी मनानं रचलं. हसा आता."

लोक हसले. पोट धरून हसले. रावबा तेवढा हसला नाही.

"काय झालं रं?" कोणीतरी विचारलं.

"काय व्हायचंय? परवाच घरची चांगली खिडकी उचकटून उलटी बसवली की मी!"

मागून आणखी एक जण पुटपुटला, "मी पण."

हसणं तिथंच विझलं.

गेनबानं मान खाली घालून खिडकी पक्की केली. हौसाक्का चहा घेऊन आली. कडी घालून बघितली, काढून बघितली. "ही बरी," ती म्हणाली. "कुत्र्याचं मला पटलंच नव्हतं. पण तू म्हणालास, म्हणून."

गेनबा चहा प्यायला. पहार खांद्यावर टाकली आणि स्वतःचं घर सोडून आधी रावबाच्या घराकडं निघाला.

तात्पर्य: आपल्या चुकीला फॅशन म्हटलं की ती दुसऱ्याच्या घरात जाऊन बसते. हसं झालं तर होऊ द्यावं, पण चुकलं ते चुकलं म्हणावं, आणि लवकर म्हणावं.