मुक्या आळीची ओ

हिवरगोंदीला वेस होती आणि वेशीला दार होतं, त्या काळची ही गोष्ट. ऐकायची तर शेवटपर्यंत ऐका. अर्ध्यावर उठू नका.

गावाच्या उगवतीला एक आळी आहे. तिला मुकी आळी म्हणतात. तिथं कुणी कुणाला हाक मारत नसे. काम निघालं तर शेजाऱ्याच्या दारी जायचं, कडी वाजवायची आणि समोर उभं राहायचं. तोंड दिसल्याशिवाय आतला माणूस ओ देत नसे. आळीच्या टोकाला शेंदूर फासलेला दगड होता. फार मागं मरीची साथ आली, तेव्हा मरीआई घरच्या माणसांच्या आवाजात हाका मारत दारोदार फिरली. या आळीनं ओ दिली नाही, म्हणून ती त्या दगडापासून परतली, असं म्हणतात. आळीला त्याचा मोठा अभिमान होता.

या आळीत रेवजी कासार राहायचा. खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून गावोगाव फिरायचा. "बांगड्या भरा" ही त्याची हाक दुसऱ्या शिवारात ऐकू जाई. आपल्या आळीत शिरला की मात्र तोंड मिटून घ्यायचा. त्याचा बाप तर कुठंच फारसं बोलला नाही. सकाळी पाण्याचा पहिला तांब्या उंबऱ्याबाहेर ओतायचा, एवढीच त्याची आठवण. का ओतायचा, ते त्यानं सांगितलं नाही. बाप गेल्यावर रेवजीही ओतू लागला.

रेवजीची बायको हौसा बाहेरगावची. एका दुपारी ती परसात सरपण काढायला गेली आणि लाकडांतून साप चावला. रेवजी बाजाराला गेलेला. हौसाचा पाय उचलेना, कडी वाजवायला जाणार कशी? भीतीत ती आळीची रीत विसरली आणि तिनं हाका मारल्या. एकेका शेजारणीचं नाव घेऊन मारल्या. दारं लावलेलीच राहिली.

संध्याकाळी रेवजी आला, तेव्हा ती थंड पडली होती.

त्यानं शेजारच्या बयाकाकीला विचारलं, "काकी, ऐकू आलं होतं?"

"आलं."

"मग?"

"मग काय, बाबा. तोंड कुठं दिसत होतं?"

काकीच्या डोळ्यांना धार लागली होती. हौसावर तिचा जीव होता, हे रेवजीला माहीत होतं. म्हणून त्याला तिच्यावर रागावताही येईना.

हौसाचे दिवस झाले आणि रेवजीनं बांगड्या खुंटीला टांगल्या. परगावी जाणं सोडलं आणि तो स्वतःच्याच गावात चालू लागला. ज्या गावात जन्म काढला, त्याचे निम्मे बोळ त्यानं पाहिलेच नव्हते. प्रत्येक दारी एकच विचारायचा, आमची आळी मुकी कशानं झाली? कुंभार म्हणाले, तुमच्यातल्या कुणी बैराग्याची जीभ कापली. वेशीजवळचे म्हणाले, तुमचा मूळपुरुषच मुका होता. पारावरचे हसायचे. "कासारा, स्वतःच्या घराची वाट आम्हाला विचारतोस होय?"

रेवजी ऐकून घ्यायचा आणि पुढं चालायचा. चालून चालून त्याच्या पावलांनी बोळातला दगड झिजला, असं म्हणतात.

शेवटी तो तानाक्का तेलिणीच्या दारी आला. तिची मागची भिंत आणि रेवजीच्या परसाची भिंत एकच. पण दार पलीकडच्या अंगाला, म्हणून सगळ्या गावाला वळसा घालून यावं लागे. आक्का फार थकलेली होती.

"बस," ती म्हणाली. "तुमच्या आळीतलं माणूस काही विचारायला आलं, एवढं बघायचं राहिलं होतं."

"आक्का, मरीआईला पाहिलेलं कुणी आहे का?"

"मी होते की या मागच्या भिंतीवर बसलेली, एवढीशी. मरीआई कसली रे? तुझी आजी होती ती."

रेवजी सरकून तिच्याजवळ आला.

"माहेरी गेली होती. इकडं मरी आली कळलं, तशी लेकराच्या ओढीनं चालत निघाली. वाटेत कुणी विहिरीवर चढू दिलं नाही. दारात येऊन म्हणाली, अहो, मी आले, घोटभर पाणी द्या. तुझा आजा पुढच्या दाराला अडसर लावून उभा, आणि मागचं दार सताड उघडं. मला सगळं दिसत होतं. त्याला वाटलं, मरीआईच बायकोचा आवाज काढते. तुझा बाप 'ओ आई' म्हणायला गेला, तर आज्यानं त्याचं तोंड दाबलं."

"आणि आजी?"

"फिरली दारोदार. सगळ्यांनी तेच केलं. टोकाला जाऊन पडली ती उठली नाही; भिंतीवरून तेही दिसलं. आळीतलं कुणी बाहेर यायच्या आत तुझ्या आज्यानं तिला तिथंच पुरली, वर दगड ठेवला आणि सांगितलं, मरीआई इथून परतली."

"तू कुणाला बोलली नाहीस?"

"कुणी विचारलं? आणि तुमच्या आळीला हाक मारायची सोय होती का?"

रेवजीनं दगडाखालची माती उकरली. लाखेच्या बांगडीचे तुकडे निघाले, वर पितळी तार बसवलेली. तशी बांगडी त्याच्याच घरात होत असे. त्यानं माती लोटली, दगड होता तसा ठेवला आणि घरोघर जाऊन, कड्या वाजवून, समोर उभं राहून सगळं सांगितलं.

कुणी मानलं नाही. बयाकाकी तेवढी उंबऱ्यापर्यंत आली.

"रेवजी, तू म्हणतोस ते खरं धरलं, तर हौसा सापानं नाही, आम्ही मारली. असं बोलू नकोस, बाबा. आम्हाला इथंच राहायचंय."

रेवजी तिच्या दारातून माघारी फिरला. आपल्या आज्यानं पेरलं ते आपल्याच परसात उगवलं, हे त्याला कळून चुकलं होतं. त्या दिवसापासून तो दिवेलागणीला तांब्या भरून दगडापाशी बसायचा आणि म्हणायचा, "ओ." हाक कुणाचीच नसायची. तरी म्हणायचा. थंडीवाऱ्यात म्हणायचा, आवाज फुटला तरी म्हणायचा. तांब्यातलं पाणी मात्र थेंबानंही कमी होत नसे, असं म्हणतात. ज्यांना तहान होती, त्या कधीच्या पुढं निघून गेल्या होत्या.

मग एका संध्याकाळी त्याला खरोखरच हाक ऐकू आली. कुणी आजीची म्हणतात, कुणी हौसाची म्हणतात. "ओ, आलो," म्हणत तो उठला आणि हाकेमागं चालू लागला. हाक पुढं, तो मागं. त्याच वेळी आळीतल्या सगळ्या दारांच्या कड्या आपोआप वाजल्या, असं म्हणतात. माणसांनी आतून धरून ठेवलेली दारं सोडली नाहीत. रेवजी परत दिसला नाही. तांब्या दगडापाशी भरलेलाच होता.

अजून हिवरगोंदीला जा. दिवेलागणीला मुक्या आळीत प्रत्येक घरातलं एक माणूस उंबऱ्यावर येतं, तांब्याभर पाणी बाहेर ओततं आणि म्हणतं, "ओ." नवी सून विचारते, कुणाला? सासू सांगते, रेवजी कासाराची ओ आहे, द्यायची असते.

ओ देऊन झाली की दारं लावतात. त्यानंतर कुणी हाक मारली, तर अजूनही कुणी बाहेर येत नाही.