सशाचा डावा कान

ती बातमी आली तो दिवस अगदी रोजच्यासारखा होता. डोंगरउतारावरच्या जंगलात राहणारी साळू उन्हे वर येताच आपल्या उंबराखाली लिहायला बसली होती. हो मुलांनो, ही साळू गोष्टी लिहीत असे. अंगावरून गळून पडलेला एखादा काटा घ्यायचा, पळसाच्या हिरव्या पानावर अक्षरे कोरायची, आणि एक पान पुरे झाले की उठायचे, हा तिचा नेम. पूर्वी ते पान ती सर्वांत आधी ओढ्याकाठच्या म्हाताऱ्या सशाला वाचून दाखवी. ससा मध्ये एक शब्द बोलत नसे. पण गोष्ट जिथे रेंगाळे तिथे त्याचा डावा कान हळूच खाली पडे. साळू तेवढे वाक्य खोडून टाकी.

पण गेल्या उन्हाळ्यात पाणवठ्यावर माकडे तिचीच गोष्ट एकमेकांना सांगताना तिने ऐकली. आंधळ्या हत्तीची गोष्ट, आणि तीही अजून अर्धीच लिहून झालेली! साळूचे काटे ताठ झाले. ही पाने सशाशिवाय कुणी ऐकली होती? ती तशीच सशाकडे गेली.

"सशाभाऊ, माझ्या गोष्टी हल्ली फार लांबवर जातात म्हणे," ती त्याच्याकडे रोखून पाहत म्हणाली.

"चांगल्या गोष्टी जाणारच, साळूताई. पुढचे पान आणलेस का?"

'एवढी घाई कशाला याला?' असे मनात म्हणत साळू परतली. त्या दिवसापासून ती पाने बिळात दगडाखाली दडवू लागली. ससा दोनदा लंगडत तिच्या दाराशी आला. "मग, हत्ती नदी उतरला का गं?" "कळेल सवडीने," ती तुटकपणे म्हणाली. तिसऱ्यांदा तो आलाच नाही, तेव्हा तिची खात्रीच पटली. चोर आता तोंड चुकवतो आहे! गोष्ट मात्र अडून बसली. कोणते वाक्य रेंगाळते आहे, हे तिला एकटीला कळेना. हत्ती भर नदीत उभा तो उभाच राहिला.

आणि त्या रोजच्यासारख्या सकाळी उंबरावरची मैना खाली उतरली. "साळूताई, ससा गेला. दहा-बारा दिवस त्याला उठवतच नव्हते. हत्तीचे काय झाले, एवढेच विचारायचा. मला येत होते तेवढे सांगितले मी त्याला."

साळूने डोळे बारीक केले. "तुला तरी कसे येते?"

"अगं, तूच तर म्हणतेस! लिहिताना एकेक वाक्य मोठ्याने घोळवतेस ना? मला गोष्टी रचायला शिकायचे आहे, म्हणून वर बसून पाठ करते, आणि पाणवठ्यावर माकडांना म्हणून दाखवते. तुला ठाऊक असेल असेच वाटले मला."

साळूने हातातला काटा खाली ठेवला.

"रागावलीस का?" मैनेने भीतभीत विचारले. "मग मला शिकवणार नाहीस?"

"रोज एक पान लिही," साळू म्हणाली. "जमले नाही तरी लिही. आणि वाचून दाखवताना पानाकडे नको, ऐकणाऱ्याकडे बघ."

दुपारी ती दगडाखालची सगळी पाने घेऊन ओढ्याकाठी गेली. सशाच्या रिकाम्या बिळापाशी बसून तिने ती पहिल्यापासून वाचली. कान खाली पडला नाही, वरही झाला नाही. हत्तीला नदीपार नेणारे पान लिहायचे राहूनच गेले.

तात्पर्य : मन लावून ऐकणाऱ्यावर संशय घेण्याआधी एकदा आपलाच आवाज ऐकून पाहावा; ऐकणारा कायम थांबून राहत नाही.