कवच टाकलेली खेकडीण

खेकडे सरळ चालायचे त्या काळातली ही गोष्ट; खोटं वाटलं तर ओढ्याला विचारा! खेकडिणीनं कवच टाकलं की तिचा विटाळ मानून तिला बिळाबाहेर बसवायचे. मऊ अंगाची ती बगळ्याला आयतीच मिळायची.

एकदा झेलूचं कवच गळालं. सासू गरजली, "हो बाहेर!" झेलू बाहेर येऊन बसली. काठावरून बगळा सासूला म्हणाला, "वा आत्याबाई, रीत पाळावी तर तुम्हीच!"

सासू थबकली. "मेल्या, आमच्या रितीचं तुला एवढं कौतुक?"

ती झेलूशेजारी नांग्या उगारून बसली. शेजारणी धावल्या, मग अख्खं गाव! बगळ्याच्या पायांना असे चिमटे बसले, की तो थेट ढगात पोचला.

झेलू सगळ्यांबरोबर बिळात गेली. बगळा अजून बोंबलतोय, "चालीरीती बुडाल्या हो!"